देव मानणे आणि देवावर भार टाकणे

ख्रिस्ती धर्मात देवावर विश्वास ठेवणे म्हणजे देव आहे असे नुसते मत बाळगणे नव्हे. नव्या करारातील याकोबाचे पत्र याबाबत फार रोखठोक आहे. देव एकच आहे हे भुतांनाही ठाऊक असते, पण त्या ज्ञानाने त्यांचा थरकाप उडतो, एवढेच.

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात विश्वासासाठी येणाऱ्या 'पिस्तिस' या शब्दात भरवसा आणि इमान हे दोन्ही अर्थ आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र हे नाम एकदाही सापडत नाही. तेथे 'विश्वास ठेवणे' हे क्रियापदच सुमारे शंभर वेळा येते. विश्वास ही करण्याची गोष्ट आहे, हे त्यावरून उमगते. या कल्पनेमागचा हिब्रू धातू पक्के, टिकाऊ असण्याचा अर्थ देतो. प्रार्थनेच्या शेवटचे 'आमेन' त्यातूनच आले. जुन्या करारातील अब्राहाम याचेच उदाहरण आहे. तो ७५ व्या वर्षी हारान सोडून निघाला, तेव्हा कोणत्या देशात जायचे हेही त्याला सांगितलेले नव्हते. देव आहे की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्नच नव्हता. प्रश्न पाऊल उचलण्याचा होता. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याला विश्वास ठेवणाऱ्या सर्वांचा पिता म्हटले.

संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी लॅटिनच्या आधारे केलेला भेद मराठीच्या विभक्तींतही सहज उतरतो: देव मानणे, देवाचे म्हणणे मानणे आणि देवावर भार टाकून त्याच्याकडे चालू लागणे. खरा ख्रिस्ती विश्वास तिसऱ्यात आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी त्यात मोलाची भर घातली. या तीन वेगळ्या कृती नाहीत, एकाच कृतीची ती तीन अंगे आहेत, असे त्यांनी दाखवले.

विश्वासाची कबुली बाप्तिस्म्याच्या पाण्यात घडत गेली. आरंभीच्या चर्चमध्ये उमेदवाराला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याविषयी तीन प्रश्न विचारत आणि प्रत्येक होकारानंतर त्याला पाण्यात बुडवत. पुढे ३२५ मध्ये नायसिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक गावी, बिशपांच्या परिषदेने कबुलीचे शब्द ठरवले आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडला गेलेला त्यांचा विस्तार रूढ झाला. मूळ ग्रीक कबुली 'आम्ही विश्वास ठेवतो' अशा अनेकवचनी क्रियापदाने सुरू होते, हे विसरता कामा नये.

बुद्धीला येथे मज्जाव नाही. सृष्टीवरून देवाचे अस्तित्व बुद्धीला निश्चित कळू शकते, असे १८७० मध्ये पहिल्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले. विश्वास मात्र कृपेचे दान मानला जातो. तारण केवळ विश्वासाने होते की त्यासोबत प्रीतीही लागते, यावर सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर आणि रोम यांच्यात फूट पडली. १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी या प्रश्नावरील मूलभूत सहमतीवर सह्या केल्या.

संशयाने विश्वास संपत नाही. मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूपुढे विश्वास आणि अविश्वास दोन्ही एका दमात कबूल करतो, आणि मुलगा बरा होतो. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा देव जाणवतच नाही हे दुःख त्यांनी अनेक दशके सोसल्याचे जगाला कळले. या सगळ्या काळात त्यांची प्रार्थना आणि कोलकात्यातील सेवा खंडली नव्हती. कॅथलिक चर्चने २०१६ मध्ये त्यांना संत घोषित केले, ते ही पत्रे नऊ वर्षे लोकांच्या हाती असताना.