पालीचा तिठा आणि जांभ्याचा सडा

आंबा घाट उतरून आलेला कोल्हापूरचा रस्ता पाली येथें मुंबई-गोवा महामार्गास मिळतो. प्रवाशाचें मन एव्हांना गणपतिपुळ्याच्या वाळूवर पोहोंचलेलें असतें. डोंगर मागें पडला, आतां समुद्र तेवढा पाहावयाचा! मधला काळसर सडा ओसाड माळ म्हणून तो मोटारींतूनच सोडून देतो. वस्तुतः तो सडाच पाहण्याजोगा आहे.

हा सडा जांभ्या दगडाचा. उष्ण हवेंत अतिवृष्टीनें खडकांतील विरघळणारीं द्रव्यें धुऊन जातात. लोह व ॲल्युमिनियम मागें राहतें. म्हणून जांभा तांबडा. तो सच्छिद्रही असल्यानें धो धो पावसाच्या या मुलखांत उन्हाळ्यांत विहिरी आटतात. मलबारांत यापासून विटा कापतात हें पाहून फ्रान्सिस बुकॅनन यानें १८०७ सालीं विटेच्या लॅटिन शब्दावरूनच त्याचें इंग्रजी नांव ठेविलें. आपल्याकडे त्याचे चिरे काढतात.

याच दगडावर रत्नागिरी तालुक्यांत उक्षी व जांभरुण येथें, आणि राजापूर तालुक्यांत कशेळीस, प्राचीन मानवानें चित्रें खोदलीं आहेत. कशेळीच्या प्रचंड हत्तीच्या पोटांत तर इतर प्राण्यांचा मेळाच भरला आहे. २०२२ सालीं हीं स्थळें युनेस्कोच्या संभाव्य यादींत आलीं. परंतु उथळ रेषांना यादी झांकीत नाहीं. चिऱ्यांची खाण, गाडीचें चाक, हौशी पाऊल, यांपैकीं कोणतेंही त्या पुसूं शकतें. तेव्हां गांवकऱ्यांस विचारून, कडेनें हिंडावें. सकाळ-सायंकाळच्या तिरप्या उन्हांत रेषा स्पष्ट उमटतात; भर दुपारीं मात्र पायांखालचा हत्तीही दिसत नाहीं.