घोडा कामावर परततो, पण सगळा एकदम नाही

चार महिने निवांत चरलेला घोडा फार देखणा दिसतो. अंगावर तकाकी असते, मान भरलेली असते, बरगड्या कुठे दिसत नाहीत. खोगीर चढवलं की तो जागच्या जागी नाचतो, लगाम ओढतो, धावायला आसुसतो. त्या घडीला त्याला मोकळा सोडावा, असं कुणालाही वाटेल. पण त्याच्या शरीराचा प्रत्येक भाग वेगवेगळ्या गतीने जागा होत असतो, आणि सगळ्यात चकित करणारी गोष्ट अशी की खुद्द घोड्यालाही हे कळत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न जुना आहे. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीला बसत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. म्हणजे हजारो घोडी दरवर्षी विसाव्याला जात आणि दरवर्षी पुन्हा कामाला लागत. चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, ही त्यातली ताकीद सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच पत्रात दाणा-वैरणीचीही काळजी आहे. आत्ताच हवं तसं खर्चून टाकलंत तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असं महाराज बजावतात. त्या पत्रातला हा भाग मला रयतेविषयीच्या ताकिदीइतकाच मोलाचा वाटतो. विसाव्यात घोडं कसं ठेवलं यावर पुढची मोहीम अवलंबून आहे, हे त्या राजाला पक्कं माहीत होतं.

सगळ्यात आधी जागं होतं ते हृदय. शांत उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला ३० ते ४० ठोके देतं. भरधाव धावताना तेच २२०च्या पुढे जातं. त्याला प्लीहेची विलक्षण साथ असते. घोड्याच्या तांबड्या रक्तपेशींपैकी एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक पेशी या अवयवात राखीव असतात. धाव सुरू झाली की प्लीहा आक्रसते आणि तो साठा रक्तात सोडते. तांबड्या पेशींचं प्रमाण रक्ताच्या सुमारे ४० टक्क्यांवरून ६०च्या वर चढतं. खेळाडूने शर्यतीआधी बाहेरून रक्त भरून घेतलं तर त्याच्यावर बंदी येते. घोडा हे जन्मापासून स्वतःच्याच शरीरात करतो. ही यंत्रणा विसाव्याने लवकर गंजतही नाही. पहिला महिनाभर तर दमसासात फारसा फरक पडत नाही, आणि त्यापुढे जे गेलं ते काही आठवड्यांच्या कामाने परत येऊ लागतं. स्नायूही फार मागे राहत नाहीत.

धोका इथेच आहे. छाती तयार होते, पाय तयार नसतात.

घोड्याच्या गुडघ्याखाली जवळजवळ स्नायूच नाहीत. हाडं, अस्थिबंध आणि लांबलचक कंडरा, एवढ्यावर ४५०-५०० किलोचं जनावर उभं असतं. भरधाव धावताना एका क्षणी एकाच पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. तो भार पडताच मागची कंडरा ताणली जाते, ताकद साठवते आणि पाय उचलताना परत देते. या ताणण्या-आखडण्यात तिच्या गाभ्याचं तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचं मोजलेलं आहे. एवढी उष्णता सोसणाऱ्या या अवयवाला रक्तपुरवठा मात्र तुटपुंजा असतो. म्हणून कंडरेला भार पेलायची सवय व्हायला आठवडे नाही, महिने लागतात.

हाडाची गोष्ट तर आणखी अद्भुत आहे. हाड जिवंत असतं आणि त्याच्यावर जेवढा भार येतो तेवढंच ते बळ राखतं. महिनोन्महिने ठाणावर बांधलेल्या घोड्याच्या नळीच्या हाडातले क्षार कमी होतात. काम पुन्हा सुरू झालं की हाड स्वतःची डागडुजी काढतं, पण त्याची रीत अशी की आधी जुना भाग विरघळवायचा आणि मग नवा भरायचा. त्यामुळे मधल्या काही आठवड्यांत मेहनत घेणाऱ्या घोड्याचं हाड आधीपेक्षा कमजोर असू शकतं. घोडा दिवसेंदिवस जोमदार होत असतो, आणि आत हाडाचं काम अर्धवट पडलेलं असतं. शर्यतीच्या घोड्यांच्या नळ्या दुखावतात, कधी तडकतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

मग तास न् तास चालवलं की हाड पक्कं होईल का? पुरतं नाही. क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅनयन यांनी १९८४ साली पक्ष्यांच्या पंखांच्या हाडावर प्रयोग करून दाखवलं की दिवसाला भाराची अवघी ३६ आवर्तनं हाड वाढवायला पुरतात; त्याहून कितीतरी जास्त दिली तरी लाभ वाढत नाही. हाडाला भार किती वेळा येतो यापेक्षा तो कसा आणि केवढा येतो हे कळतं. म्हणून जाणकार प्रशिक्षक पाया पक्का झाल्यावर संथ कामात वेगाचे अगदी लहान तुकडे पेरतात. हाडाला निरोप मिळतो आणि कंडरेवर अन्याय होत नाही.

परतीचा रस्ता मात्र चालण्यानेच सुरू होतो. विसावा लांबला असेल तर पहिला महिनाभर नुसती चाल, घट्ट आणि सपाट जमिनीवर, मग थोडी थोडी दुडकी, मग चढ, भरधाव सगळ्यात शेवटी. खोगिराखालची पाठ उतरलेली असते, तंगाखालची कातडी मऊ पडलेली असते, त्यांनाही वेळ हवा. चंदी कामाच्या मागून वाढवायची, पुढून कधीच नाही. युरोपात ओझी ओढणारे घोडे रविवारी सुट्टीवर असत, पण दाणा पुरता खात. सोमवारी जुंपल्यावर काहींचे मागचे स्नायू लाकडासारखे कडक होत, लघवी गडद तांबूस येई, पाऊल उचलवत नसे. तेही फक्त एका दिवसाच्या सुट्टीने!

रोज सकाळी कामाआधी चारही पायांवरून हात फिरवायचा. कंडरेची ऊब वाढलेली हाताला बहुतेक वेळा लंगडण्याच्या आधी लागते. कामानंतर नाडी किती लवकर उतरते तेही पाहायचं. लांब पल्ल्याच्या शर्यतींत ठोके सहसा ६४ पर्यंत खाली आल्याशिवाय पशुवैद्य घोड्याला पुढे सोडत नाहीत.

या धीराला पैसा लागतो. माथेरानात मोटारींना बंदी आहे, तिथे कितीतरी घरं घोड्यांवर चालतात. २०२०च्या टाळेबंदीत पर्यटक थांबले आणि घोडे महिनोन्महिने बसून राहिले. घरात आणि तबेल्यात दोन्हीकडे चणचण असताना गिऱ्हाईक दारात आलं, तर महिनाभर नुसता चालवा, हे कुणी कोणत्या तोंडाने सांगावं? अशा काळात घोड्यांच्या चाऱ्याला मदत करणं म्हणजे त्यांच्या पायांना वेळ मिळवून देणंच आहे.

सगळ्यात सावकाश जातो तो खूर. तो महिन्याला जेमतेम ६ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणजे पुढच्या टोकाशी पूर्ण नवा खूर यायला वर्षभर लागतं. दसऱ्याला निघालेला घोडा माघात भरधाव धावू लागला, तरी नालबंद खिळे ठोकतो तो खूर त्याच्या पावसाळ्याच्याही आधी उगवलेला असतो.