पोलीस प्रशिक्षण: बंगळुरू आणि तालुक्याच्या गावातील अंतर

बंगळुरूसारख्या महानगरातील आणि बेळगाव जिल्ह्यातील निपाणीसारख्या गावातील पोलिसांच्या प्रशिक्षणात फरक असतो का? मूलभूत प्रशिक्षणापुरते उत्तर ‘नाही’ असे आहे. फरक पडतो तो प्रत्यक्ष नेमणुकीनंतर.

अमेरिकेत अनेक लहान नगरांचे स्वतःचे पोलीस दल असते. भारतात मात्र राज्यघटनेनुसार पोलीस हा राज्याचा विषय आहे. भरती व प्रशिक्षणाचे निकष राज्य शासन ठरवते. त्यामुळे कर्नाटकातील उपनिरीक्षक म्हैसूरच्या कर्नाटक पोलीस अकादमीसारख्या राज्यस्तरीय संस्थेतून, तर शिपाई चन्नपट्टण, खानापूर आदी ठिकाणच्या प्रशिक्षण शाळांतून तयार होतात. महाराष्ट्रात हेच काम नाशिकची अकादमी आणि विविध जिल्ह्यांतील प्रशिक्षण केंद्रे करतात.

बंगळुरूत १९६३ पासून पोलीस आयुक्तालय आहे. तेथे वाहतूक व गुन्हे शाखा स्वतंत्र आहेत. सायबर गुन्ह्यांसाठीचे देशातील सुरुवातीच्या ठाण्यांपैकी एक ठाणे २००१ साली याच शहरात सुरू झाले. एकाच प्रकारचे काम सातत्याने केल्याने तेथील अधिकाऱ्याचे कौशल्य वाढते. लहान ठाण्यात मात्र बंदोबस्त, अपघाताचा पंचनामा, समन्स आणि तपास ही सर्व कामे त्याच मोजक्या मनुष्यबळावर येतात. एक कर्मचारी उजळणी वर्गाला गेला, तरी त्याची उणीव भासते.

ही दरी धोरणातही दिसते. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगळी करण्याचा निर्देश दिला. प्रारंभ दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपासून करावा आणि नंतर टप्प्याटप्प्याने लहान शहरांकडे वळावे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे विशेष तपासाचा लाभही आधी महानगरांना मिळणार होता.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार त्याखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यानेच करावा लागतो. अनेक लहान ठाण्यांचे प्रमुख उपनिरीक्षक असतात. अशा वेळी तपास निरीक्षकाकडे किंवा जिल्ह्याच्या सायबर ठाण्याकडे सोपवावा लागतो. कर्नाटकात आता जिल्हा पातळीवर अशी ठाणी आहेत. तरीही तक्रारदार प्रथम जवळच्या ठाण्यातच येतो आणि तेथील पहिली नोंद महत्त्वाची ठरते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ही गरज अधिक वाढवली आहे. झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आता बंधनकारक आहे. हा नियम महानगराला आणि खेड्याला सारखाच लागू आहे. मुद्रण सदोष राहिले, तर त्याचा फटका फिर्यादीच्या बाजूला बसू शकतो.

पुरावा तपासताना न्यायालय शहराचा आकार पाहत नाही. म्हणूनच सेवेत रुजू होताना मिळणाऱ्या समान प्रशिक्षणाइतकेच, सेवेतील समान व नियमित प्रशिक्षणही आवश्यक ठरते. बंगळुरूतील नागरिकाला मिळणाऱ्या तपासाचा दर्जा निपाणीतील नागरिकालाही मिळणे, हाच त्याचा खरा निकष होय.