चौथ्या भोकातला पंचम

माउथ ऑर्गन म्हटलं की आपल्याला ‘सोलवा साल’ (१९५८) आठवतो, नाहीतर ‘दोस्ती’ (१९६४). दोन्हींत वाजवणारे आर. डी. बर्मन. ‘शोले’तली अमिताभची धून भानू गुप्तांची. या सगळ्यांत माउथ ऑर्गन चाल गातो. त्यामुळे हे चाल वाजवायचंच वाद्य, असं डोक्यात पक्कं बसतं आणि ब्लूजला साथ करताना गाडी अडते.

२०११पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव भरू लागला. वाकोल्याहून रिक्षाच्या अंतरावर. ब्लूजची ओढ लागली, पण साथ शिकलो मित्राच्या वाकोल्यातल्या खोलीवर. त्यानं गिटारवर ‘जी’ कॉर्ड धरली. मी म्हटलं, माझ्याकडे तर ‘सी’चा आहे. जीच्या गाण्याला जीचाच हवा, हा माझा समज. खरं तर जीच्या ब्लूजला बहुतेक जण सीचाच घेतात. जीला सा माना आणि हवा आत ओढा : दुसऱ्या भोकात सा, तिसऱ्यात ग, चौथ्यात प, पाचव्यात कोमल नी. नुसत्या ओढण्यात ब्लूजची मुख्य कॉर्ड, म्हणजे सा कॉर्ड, हाती येते. फुंकलं की म, ध, सा, म्हणजे दुसरी, म कॉर्ड.

मात्र हा माउथ ऑर्गन दहा भोकांचा डायटॉनिक हवा. आपल्याकडे घरोघरी असतो तो दुहेरी भोकांचा, थरथरत्या आवाजाचा. त्यात प्रत्येक रीडचा कप्पा वेगळा असल्यामुळे ब्लूजसारखा सूर वाकवता येत नाही. डायटॉनिकमध्ये फुंकण्याची आणि ओढण्याची रीड एकाच कप्प्यात असते, म्हणून सूर वाकतो.

सर्वांत चिवट गैरसमज असा, की ब्लूजचं स्केल पाठ असलं की कुठेही काहीही चालतं. सोलो वाजवताना बरंच खपून जातं, साथीत नाही. ब्लूजचे बारा बार असतात : चार सा कॉर्डचे, दोन म कॉर्डचे, दोन सा, मग प, मग म, शेवटचे दोन सा. मित्र म कॉर्डवर गेला तेव्हा मी तिसरं भोक ओढून शुद्ध ग धरून बसलो होतो. कानाला खडा लागावा तसं झालं. ब्लूजमध्ये प्रत्येक कॉर्डला तिचा सातवा कोमल सूर जोडलेला असतो आणि म कॉर्डचा तो सूर म्हणजे कोमल ग. तेच भोक, तोच श्वास. फक्त जीभ मागे घेऊन सूर अर्ध्या स्वरानं उतरवला आणि खडा गेला. आपला कान तानपुऱ्यावर वाढलेला. सा हलत नाही, म्हणून सूर रागात आहे की नाही एवढंच आपण बघतो. इथे पायाखालची कॉर्ड बदलते, तेव्हा दर वेळी नव्यानं ऐकावं लागतं.

प कॉर्ड नवशिक्याला अवघड वाटते, कारण तिचे सूर प, नी, रे आणि म. यातला खालचा शुद्ध नी दुसरं भोक वाकवूनच मिळतो आणि ते जमायला महिने लागतात. तोवर साथ करायची नाही, असं मात्र नाही. दुसरं-तिसरं भोक जिभेनं झाका आणि पहिलं व चौथं एकदम ओढा. दोन्हींत प, एक मंद्र, एक मध्य. हा दुहेरी पंचम नुसता धरून ठेवला तरी कॉर्ड भरून निघते. मला तर हा आवाज या वाद्याच्या सगळ्या आवाजांत लाडका आहे.

साथ म्हणजे अखंड वाजवणं, हेही खरं नाही. माउथ ऑर्गनवर ज्या लिटल वॉल्टरनं १९५२ साली ‘ज्यूक’ हे निव्वळ वाद्यसंगीत गाजवलं, त्याला गायक मडी वॉटर्सच्या मागे वाजवताना ऐका. गाण्याच्या ओळी संपतात तिथल्या जागा तो भरतो, आपला पेटीवाला भरतो तशाच.

सुरुवातीला प्रत्येक कॉर्डला एकच सूर पुरे : सा कॉर्डला दुसरं भोक ओढून, म कॉर्डला चौथं फुंकून, प कॉर्डला तो दुहेरी पंचम. नवव्या बारला धरलेला पंचम दहाव्याला मात्र सोडायचा. तिथे गिटार म कॉर्डवर गेलेली असते आणि पंचम तिच्या घरचा नसतो.