छेद कुठे लिहिला आहे?

मागच्या लेखांकात कबड्डीतल्या पकडीचा हिशेब मांडला होता. या आठवड्यात त्याच प्रेक्षकाला बास्केटबॉलच्या कोर्टाशेजारी उभं करायचं आहे, कारण तिथे तो नेमका उलटा वागतो. सांगलीचा कबड्डी पाहणारा माणूस चढाईपटूच्या गुणांनी सहसा भुलत नाही. डाव्या कोपऱ्यातल्या मुलाने ऐन वेळी घोटा धरला म्हणून लोण टळला, हे त्याला कोणी समजावून द्यावं लागत नाही. ज्याच्या नावावर सबंध सामन्यात दोनच गुण आहेत, त्याने साखळी किती वेळा वेळेवर आवळली हेही त्याच्या ध्यानात राहतं. तोच माणूस विश्रामबागेत विलिंग्डन, चिंतामणराव किंवा वालचंदच्या मुलांचा बास्केटबॉलचा सामना बघायला उभा राहिला, की विचारतो, ‘जास्त पॉइंट कुणाचे?’ उत्तर मिळालं की त्याच्यापुरता सर्वोत्तम खेळाडू ठरतो. संघ हरला तर लगेच दुसरा प्रश्न येतो, ‘सर काय करत होते?’ माझं म्हणणं असं की या दोन्ही प्रश्नांत खोट एकच आहे. प्रेक्षकाला अपूर्णांकातला अंश दिसतो, छेद दिसत नाही, आणि छेदाशिवाय खेळाडूचंही मोजमाप होत नाही आणि प्रशिक्षकाचंही.

याला प्रेक्षक एकटा जबाबदार नाही. बास्केटबॉलच्या टेबलावर जो अधिकृत गुणतक्ता भरला जातो, तोच अर्धी गोष्ट सांगतो. दोन गुणांची बास्केट झाली की धावत्या गुणसंख्येतल्या त्या आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रो पडला की भरीव ठिपका, तीन गुण असतील तर खेळाडूच्या क्रमांकाभोवती वर्तुळ. फाऊल लिहिले जातात, टाइमआऊट लिहिले जातात. पण रिंगवर आपटून बाहेर आलेला नेम त्यावर कुठेच येत नाही. रिबाउंड कुणी घेतला, पास कुणी दिला, चेंडू कुणाच्या हातून गेला, यांनाही रकाना नाही. मोठ्या स्पर्धांत या नोंदींसाठी वेगळी माणसं बसवलेली असतात, महाविद्यालयीन सामन्यात ती चैन बहुधा नसते. म्हणजे सामना संपल्यावर कागदावर उरतं ते फक्त यश. अपयश प्रेक्षकाच्या आठवणीवर सोडलेलं असतं, आणि ही आठवण शेवटच्या दोन मिनिटांपलीकडे फारशी जात नाही.

क्रिकेटमध्ये आपण असं कधी चालवून घेत नाही. माधवनगरच्या स्मृती मानधनाने २०१३ साली एकोणीस वर्षांखालील गटात महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध वडोदऱ्यात नाबाद २२४ धावा केल्या, तेव्हा बातमीत त्यापुढे १५० चेंडू हा आकडा होताच. त्या दीडशेमुळेच दोनशे चोवीसचा खरा अर्थ कळतो. बास्केटबॉलमध्ये मात्र ‘त्याने अठरा मारले’ एवढ्यावर चर्चा मिटते. अठरा किती नेमांत? समजा एका मुलाने सव्वीस वेळा दोन गुणांचा नेम धरला, नऊ वेळा जमला आणि अठरा गुण झाले. त्याच संघातल्या दुसऱ्याने दहा वेळा धरला, सहा वेळा जमला आणि बारा झाले. पहिल्याच्या एका नेमामागे संघाला पाऊण गुणही मिळाला नाही, दुसऱ्याच्या नेमामागे एक पूर्णांक दोन दशांश मिळाले. पहिल्याचे सतरा नेम हुकले आणि हुकलेल्या नेमांतले बहुतेक चेंडू बचाव करणाऱ्यांच्याच हाती जातात. तरी बक्षीस समारंभात नाव पुकारलं जाईल ते पहिल्याचं.

हे नुकसान किती मोठं, हे कळायला एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बास्केटबॉलमध्ये चेंडूचा ताबा आळीपाळीने येतो. एका संघाने बास्केट केली की चेंडू दुसऱ्याकडे, नेम चुकून रिबाउंड गेला तरी दुसऱ्याकडे, चेंडू हातचा सुटला तरी दुसऱ्याकडे. त्यामुळे सामन्याअखेर दोन्ही संघांच्या वाट्याला आलेले ताबे जवळजवळ सारखेच निघतात. कबड्डीची चढाई तीस सेकंदांची, इथे नेम धरायला चोवीस सेकंद, आणि दहा-दहा मिनिटांचे चार भाग. ताबे सारखे असतील तर निकाल ठरतो तो दर ताब्यामागे किती गुण काढले यावर. डीन ऑलिव्हर या अमेरिकी अभ्यासकाने २००४ साली ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या पुस्तकात याचं चार भागांत विभाजन केलं: नेमांतली अचूकता, हातून घालवलेले चेंडू, आपल्याच हुकलेल्या नेमांचे परत मिळवलेले रिबाउंड आणि फ्री थ्रो. त्याच्या अंदाजाने पहिल्याचं वजन चाळीस टक्के, मग पंचवीस, वीस आणि पंधरा. हे आकडे अमेरिकी व्यावसायिक खेळावरून काढलेले आहेत, ते विश्रामबागेच्या उघड्या कोर्टावर जसेच्या तसे उतरतील असा माझा दावा नाही. क्रम मात्र पटतो. अचूकता मोजतानाही एक खुबी आहे. पावणेसात मीटरवरून दहापैकी तीन जमले तर नऊ गुण होतात, जवळून दहापैकी चार जमले तर आठ. जो जास्त वेळा चुकला त्यानेच जास्त दिलं, हे नुसत्या डोळ्यांनी कळणं कठीण.

यावर जाणकार प्रेक्षकाचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो वजनदार आहे. तो म्हणतो, ‘अहो, त्या बारावाल्याला मोकळे नेम मिळाले कशामुळे? दोन-दोन पोरं त्या अठरावाल्याला चिकटली होती म्हणूनच ना?’ खरं आहे. शिवाय चोवीस सेकंद संपत आले की चेंडू त्याच्याकडेच फेकला जातो आणि तो वाईट नेम त्याच्या खात्यात जमा होतो. म्हणून नुसती टक्केवारी काढून अठरावाल्याला बाकावर बसवणं हा दुसऱ्या टोकाचा भाबडेपणा झाला. पण या आक्षेपाने छेदाची गरज कमी होत नाही, उलट तो छेद आणखी बारकाईने लिहावा लागतो. सव्वीसपैकी किती नेम घाईत धरले? किती वेळा दोघे अंगावर असताना मोकळ्या सोबत्याला पास दिला, आणि किती वेळा दिलाच नाही? ही नोंद असेल तर जाणकाराचं म्हणणं सिद्ध होईल किंवा खोटं पडेल. आज ते दोन्हीपैकी काहीच होत नाही. जो जोरात बोलतो तो जिंकतो.

बचावाचं तर आणखी अवघड. समोरच्याने नेम धरलाच नाही, कारण त्याला जागाच दिली नाही, याची नोंद कोणत्याही वहीत सहजी बसत नाही. सोबत्यासाठी स्क्रीन लावून अंगावर धक्का घेणारा मुलगा कागदावर अदृश्यच राहतो. इथे मला कबड्डीवर पोसलेल्या नजरेचा मोठा आधार वाटतो. कोपऱ्यातला खेळाडू नुसता उभा राहूनही चढाईपटूला बोनस रेषेकडे जाऊ देत नाही, हे ज्याला दिसतं, त्याला बास्केटखालची जागा अडवून धरणारा मुलगा दिसायला हरकत नाही. अडचण एवढीच की बास्केटबॉलमध्ये नजर चेंडूबरोबर पळते. एखादा सबंध डाव चेंडूकडे न बघता एकाच खेळाडूकडे बघायचं ठरवलं, तर निम्मी मतं बदलतील.

आता सरांकडे येऊ. विलिंग्डन १९१९ चं, वालचंदचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चं, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतले. स्पर्धांची रचनाही तशीच चढत जाते: आधी विभाग, मग आंतरविभागीय, मग विद्यापीठाचा संघ निवडून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला. यातले सामने बहुतेक बाद पद्धतीने किंवा छोट्या साखळीने होतात. म्हणजे एका महाविद्यालयाचा हंगाम कधी कधी एका दुपारीच संपतो. अशा हंगामावरून प्रशिक्षक पारखायचा म्हणजे काय, याचं गणित करून बघा. एखादा संघ इतका सरस आहे की कुठलाही सामना जिंकण्याची त्याची शक्यता सत्तर टक्के आहे. त्याला सलग तीन सामने जिंकायचे आहेत. ०.७ ला ०.७ ने दोनदा गुणलं की ०.३४३ येतात. म्हणजे तिथला सर्वांत चांगला संघही तीनपैकी दोनदा चषकाशिवाय घरी जाणार. शक्यता ऐंशी टक्के धरली तरी आकडा जेमतेम निम्म्यावर पोचतो. आणि आपण त्या एका पराभवावरून ठरवतो की सरांना खेळ कळत नाही!

या छेदात आणखी बरंच काही मिळवायचं राहतं. अभियांत्रिकीला मुलं येतात ती मुख्यतः सीईटीच्या गुणांवर, उंचीवर आणि उडीवर नाही. तीन-चार वर्षांत अख्खा संघ बदलतो. बहुतेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाचे संचालक एकच असतात आणि त्यांच्याच गळ्यात कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, ॲथलेटिक्स सगळं असतं. अमेरिकेत महाविद्यालयीन संघ हंगामात तीसच्या आसपास सामने खेळतो, प्रशिक्षक देशभर फिरून मुलं हेरून आणतो आणि हाताखाली सहायकांची फौज असते. तिथल्या प्रशिक्षकाला निकालाने मोजणं निदान समजू शकतं. तिथली फूटपट्टी उचलून इथे लावणं मात्र अन्यायाचं आहे.

खरं तर तिथेही ती फूटपट्टी फसलेली आहे. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला ज्यांनी हा खेळ शोधला, ते जेम्स नायस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. विजय ५५, पराभव ६०. त्या विद्यापीठाच्या पुरुष संघाच्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा जास्त हरलेले ते एकटेच. त्यांचाच विद्यार्थी फॉग ॲलन याने त्याच विद्यापीठात ५९० सामने जिंकले. जॉन वुडन १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएला आले. त्यांचे संघ आपल्या गटात चांगले खेळत होते, पण पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९६४ मध्ये आलं, सोळाव्या हंगामात. पुढच्या अकरा वर्षांत आणखी नऊ आली. पंधराव्या हंगामाअखेर आपल्या कट्ट्यावर त्यांच्याबद्दल काय बोललं गेलं असतं, याची कल्पना करता येते.

याच वुडन यांचा सराव १९७४-७५ च्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या मानसशास्त्रज्ञांनी बाजूला बसून टिपला. त्यांनी सरांच्या २३२६ कृती नोंदवल्या. त्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश कृतींत निव्वळ माहिती होती: काय करायचं, कसं करायचं. शाबासकी सात टक्क्यांच्या आत, नापसंतीही तेवढीच. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण तो सामन्याचा नाही, सरावाचा आहे. आपण सरांना पाहतो ते बाजूच्या रेषेवर. ते ओरडले की ‘जोश आहे’, गप्प बसले की ‘लक्षच नाही’. पहिल्या अर्ध्यात दोन आणि दुसऱ्या अर्ध्यात तीन, असे एक-एक मिनिटाचे पाच टाइमआऊट एवढंच त्यांचं दिसणारं काम, आणि सगळी टीकाही त्या पाच मिनिटांवरच.

मग सरांना काही विचारायचंच नाही का, असं कुणी म्हणेल. विचारायचं, पण जे उंचीवर आणि नशिबावर फारसं अवलंबून नाही ते. हंगामाच्या पहिल्या सामन्यात मुलांनी किती चेंडू हातचे घालवले आणि शेवटच्या सामन्यात किती? नेम चुकल्यावर पाचही जण बचावाला परत धावतात का? रिबाउंडसाठी उडी मारण्याआधी समोरच्याला पाठीवर घेतात का? चोवीस सेकंद संपत आले असताना संघाकडे ठरलेली एखादी चाल आहे की पळापळ होते? प्रथम वर्षाचा मुलगा तृतीय वर्षात डाव्या हाताने लेअप घालू लागला का? यांत सुधारणा दिसत नसेल तर चषक जिंकलेल्या सरांनाही जाब विचारावा. समोरचा संघ कच्चा होता म्हणून जिंकलेले सामनेही छेद झाकतातच.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: वही घेऊन बसणार कोण? हे काम अगदी जड नाही. दोघं जण पुरतात. एकाने खेळाडूच्या क्रमांकापुढे नेम जमला तर उभी रेघ, चुकला तर शून्य आणि घाईतला असेल तर शून्याला फाटा मारायचा. दुसऱ्याने हातचे गेलेले चेंडू आणि रिबाउंड लिहायचे. एका सामन्याच्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नयेत, कारण दहा नेमांची टक्केवारी दुसऱ्या दिवशी सहज उलटते. सरावातले सामनेही टिपले तर महिन्याभरात हाताशी काही येतं. अमेरिकी प्रेक्षकाकडे हे सगळं आयतं असूनही तो प्रशिक्षकाला काढा म्हणून बोंब मारतोच, हे मान्य. आकडे हातात आले म्हणजे भांडण मिटतं असं नाही, पण निदान कशावरून भांडतोय ते ठरतं. या नोंदीत फाऊल मुद्दाम घेतलेले नाहीत. तीन फाऊल झालेल्या चांगल्या खेळाडूला बाहेर बसवावं की खेळवावं, हा वाद स्वतंत्र आहे आणि त्याला पुढचा लेखांक लागेल.