दुधातले औषध कसे ओळखतात?

नृसिंहवाडीला दत्तदर्शन झाले की बासुंदी, पेढे घेतल्याशिवाय कोणी परतत नाही. या साऱ्याचे मूळ दूध. ते निर्मळ हवे.

गाई-म्हशीला दगडी, म्हणजे कासदाह झाला की पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके देतात. त्यांचा अंश काही दिवस दुधात उतरतो. दूध उकळले, आटवले तरी तो सारा नाहीसा होत नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्याला तो बाधू शकतो. शिवाय रोगजंतू हळूहळू औषधाला दाद देईनासे होतात.

हा अंश पकडायला प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी कामी येते. तिचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो. तिची रचना उलगडल्याबद्दल एडलमन व पोर्टर यांना १९७२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या दोन्ही बाहूंच्या टोकांना खाच असते. कुलपात किल्ली बसावी तसा तीत ठरावीक औषधाचाच रेणू बसतो.

तपासणीच्या पट्टीवर त्या औषधाची न दिसणारी रेघ आखलेली असते. दूध निर्मळ असेल तर रंग लावलेल्या अँटीबॉडीज तिला चिकटतात आणि रेघ उमटते. दुधात औषध असेल तर खाचा आधीच भरतात; रेघ फिकी पडते किंवा उमटतच नाही. निकाल काही मिनिटांत कळतो, पक्की खात्री मात्र प्रयोगशाळेत करावी लागते.

खरा उपाय गोठ्यातच आहे. औषध दिल्यावर पशुवैद्य सांगतील तितके दिवस ते दूध डेअरीला घालू नये, घरीही वापरू नये.