डिस्प्ले लॅग

डिस्प्ले लॅग किंवा प्रदर्शन-विलंब म्हणजे गेम कन्सोलकडून आलेला चित्रसंकेत दूरचित्रवाणी संचात अथवा मॉनिटरमध्ये पोहोचल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंत लागणारा काळ होय. तो मिलिसेकंदांत मोजतात.

महत्त्व

'स्ट्रीट फायटर ६', 'टेकन ८' यांसारखे लढतीचे खेळ सेकंदाला ६० चौकटी या गतीने चालतात. म्हणजेच एक चौकट सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते. ५० मिलिसेकंद विलंब असलेल्या पडद्यावर प्रतिस्पर्ध्याची चाल तीन चौकटी उशिरा दिसते.

कारणे

चित्र सुबक करण्यासाठी संच प्रत्येक चौकटीवर प्रक्रिया करतो. हालचाल नितळ करणारी प्रणाली दोन चौकटींमध्ये नवी चौकट रचते. त्यासाठी तिला पुढील चौकटीची वाट पाहावी लागते. 'गेम मोड'मध्ये ही प्रक्रिया बहुतांशी बंद होते.

निवड

वेष्टनावरील '१ मिलिसेकंद' हा आकडा सहसा प्रतिसादकाळाचा, म्हणजे पडद्यावरील बिंदूचा रंग बदलण्यास लागणाऱ्या वेळेचा असतो. तो प्रदर्शन-विलंब नव्हे. म्हणून गेम मोडमध्ये स्वतंत्रपणे मोजलेला विलंब पाहणे आवश्यक ठरते. 'प्लेस्टेशन ५' व 'एक्सबॉक्स सिरीज एक्स' (दोन्ही २०२०) १२० हर्ट्झचे चित्र देऊ शकतात. अशा चित्रात चौकट ८.३ मिलिसेकंदांची होते. 'ऑटो लो लेटन्सी मोड' असलेला संच खेळ सुरू होताच आपोआप गेम मोडमध्ये जातो.